राग बरोबर, पत्ता चुकीचा

दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण इंदूरला रामबागेजवळच्या एका ठेल्यावर पोहे खायला जमतो. सगळे मराठी, सगळे पन्नाशी-साठी ओलांडलेले, दोन रिटायर्ड बँकवाले, एक प्रोफेसर, एक मेडिकल दुकानवाले काका आणि मी, जो सियागंजात छोट्या व्यापाऱ्यांची खाती लिहायचं आणि रिटर्न भरायचं काम करतो. पोह्यावर जीरावन (आमचा इंदुरी मसाला) पडेपर्यंत शुगर-बीपीच्या गप्पा आणि जीरावन पडलं की राजकारण, असा आमचा क्रमच ठरलेला आहे. तर नोव्हेंबर २०२५ मध्ये लाडली बहनाचे, म्हणजे राज्य सरकार बायकांच्या खात्यात दर महिन्याला टाकतं ते पैसे, १२५० चे १५०० झाले, त्याच आठवड्यात काका भडकले. म्हणाले, हे लोक पंधराशे रुपयांत मत देऊन टाकतात, यांना अर्थव्यवस्था कशाशी खातात ते माहीत नाही, आणि मशीनसमोर उभं राहिलं की माझं मत नी यांचं मत एकसारखं! मतदानाचा हक्क फक्त टॅक्स भरणाऱ्यांनाच पाहिजे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, अर्धी मान माझीही हलली.

पण घरी येईपर्यंत ते डोक्यात राहिलं, कारण ह्याच काकांचं रिटर्न मी भरतो आणि त्यांना त्यातलं काय कळतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून पुढच्या रविवारी मी एकच प्रश्न टाकला. इंदूरला पेट्रोल १०६ च्या आसपास आहे, बडोद्याला ९४ च्या आसपास, का? (आमच्यात प्रत्येकाचं कोणी ना कोणी बडोद्याला आहेच, मामा नाहीतर आत्या, आणि परत येताना दाहोदच्या अलीकडे टाकी फुल करून मगच पिटोलची सीमा ओलांडायची हा सगळ्यांचा रिवाज आहे, म्हणजे फरक सगळ्यांना तोंडपाठ.) उत्तरं आली ती अशी. गुजरात दिल्लीवाल्यांचं लाडकं आहे म्हणून. तिथे समुद्र आहे म्हणून. प्रोफेसर म्हणाले, कोयलीची रिफायनरी बडोद्याच्या दारात आहे, आपल्याकडे टँकरचं भाडं लागतं. हे उत्तर ऐकायला एकदम पटण्यासारखं, पण भाड्याने लिटरमागे बारा रुपये वाढत नसतात.

खरं कारण साधं आहे. केंद्राची एक्साइज दोन्हीकडे सारखीच, एप्रिल २०२५ मध्ये ती लिटरला २१ रुपये ९० पैसे झाली होती. त्याच्यावर मध्यप्रदेश सरकार २९ टक्के व्हॅट लावतं, शिवाय लिटरमागे अडीच रुपये आणि वर एक टक्का सेस. गुजरातचा व्हॅट १३.७ टक्के आणि ४ टक्के सेस. बास, एवढंच आहे. आणि दोन्ही राज्यांत सरकार एकाच पक्षाचं आहे, त्यामुळे मोदी आणि काँग्रेस हे दोन शब्द बाजूला ठेवूनच याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते दोन शब्द बाजूला ठेवले की आमच्या ठेल्यावर एकदम शांतता पसरते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर राहिलं ते उगीच नाही, राज्यांच्या हातात स्वतःच्या कमाईचे जे दोन-तीन मोठे नळ उरलेत त्यातला हा एक आहे आणि तो कोणीच सोडायला तयार नाही, कुठल्याही पक्षाचा असो.

याच्या खाली अजून एक मजला आहे. केंद्राच्या त्या २१.९० मधला फक्त १ रुपया ४० पैशांचा भाग राज्यांबरोबर वाटला जायचा, कारण बाकी सगळं सेस आणि स्पेशल ड्युटीच्या नावाने घेतलंय आणि त्यात राज्यांचा वाटा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाने मार्च २०२६ पर्यंतसाठी ठरवलं होतं की वाटायच्या करातला ४१ टक्के हिस्सा राज्यांना, त्यात आपल्या मध्यप्रदेशाला ७.८५ टक्के, पण मुळात वाटायच्या थाळीत काय ठेवायचं आणि काय फडताळात लपवायचं हे वाढणाराच ठरवणार. म्हणजे पेट्रोल महाग म्हणून दिल्लीला शिव्या द्यायच्या तर त्याला एक कारण आहे, भोपाळला द्यायच्या तर दुसरं आहे, आणि दोन्ही कारणं वेगवेगळी आहेत. आम्ही मात्र ज्याला मत दिलं नाही त्याला शिव्या देतो. ती सवय आहे, माहिती नव्हे.

मला जे म्हणायचंय ते हेच की मतदार अडाणी आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्याला महागाई, पगार, वीज, खड्डे यातलं काही कळत नाही असा आपला अर्थ असतो, आणि तो साफ चूक आहे. माणसाला स्वतःच्या खिशाला लागलेली झळ बरोबर कळते. ही झळ कुठल्या दारातून आली आणि कोणाला जाऊन धरायचं, तिथे तो गडबडतो. आणि या बाबतीत पंधराशेवाली बाई आणि बारा लाखवाला साहेब यांच्यात मला तरी फारसा फरक दिसलेला नाही, उलट साहेबाला आपल्याला कळतं असं वाटत असतं म्हणून तो जास्त ठाम चुकतो.

बारा लाखावरून आठवलं. १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत टॅक्स शून्य झाला. त्यानंतर माझ्याकडे एक मुलगा आला, आयटीत आहे, सुपर कॉरिडॉरला ऑफिस, म्हणाला, काका माझं इन्क्रीमेंट होऊन उत्पन्न १२ लाख १० हजार होतंय, कंपनीला सांगू का की दहा हजार कमी करा, नाहीतर साठ हजारांवर टॅक्स बसेल. इंजिनिअर मुलगा! त्याला सांगितलं की बाबा, हिशोबाने ६१,५०० येतात खरे, पण मार्जिनल रिलीफ नावाची सोय आहे, बारा लाखाच्या वर जेवढे कमावलेस त्याहून जास्त टॅक्स घेत नाहीत, म्हणजे तुला दहा हजार आणि त्यावर सेस. तरी त्याचा विश्वास बसेना, कारण त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर वेगळंच आलं होतं. आणि स्लॅब बदलला की सगळ्या पगारावर नवा रेट लागतो अशी समजूत असलेले तर मला दर जुलैत डझनाने भेटतात, त्यात पस्तीस वर्षं बँकेत काढलेले पण आहेत, नाव घेत नाही, ते हे वाचतील.

आता त्या बजेटचीच दुसरी बाजू. अर्थमंत्र्यांनी भाषणातच सांगितलं की या सवलतींमुळे प्रत्यक्ष करातले साधारण एक लाख कोटी रुपये सरकार सोडून देतंय. लाडली बहनाचा गुणाकार करा, साधारण सव्वा कोटी बायका, महिन्याला १५००, वर्षाला झाले साडेबावीस हजार कोटी. राज्याचं २०२५-२६ चं बजेट ४ लाख २१ हजार कोटींचं, म्हणजे शंभरातले पाच-साडेपाच रुपये. मोठी रक्कम आहे, त्यात वाद नाही, राज्यावर चार लाख कोटींच्या वर कर्ज असताना तर फारच मोठी. पण आमच्या ठेल्यावर पहिल्या रकमेला 'मध्यमवर्गाला दिलासा' म्हणतात आणि दुसरीला रेवडी.

हे बोललो तेव्हा काका म्हणाले, आमचा टॅक्स म्हणजे आमचेच पैसे, ते परत दिले तर उपकार काय केले. मुद्दा एकदम सोडून देण्यासारखा नाही. टॅक्स कमी घेणं आणि हातात पैसे देणं यात फरक आहेच. फक्त त्या पंधराशेवाल्या बाईचे पैसे कुठे गेले तेही मोजा ना मग. आमच्याकडे भांड्याला येतात त्या मावशी २९९ चं रिचार्ज मारतात, त्यात साडेपंचेचाळीस रुपये जीएसटी असतो. सप्टेंबर २०२५ पर्यंत अंगाच्या साबणावर १८ टक्के देत होत्या, आता ५. टॅक्स न भरणारा भारतीय फक्त आमच्या बोलण्यात असतो. आणि इन्कम टॅक्सचं म्हणाल तर रिटर्न भरणाऱ्यांतच निम्म्याहून जास्त लोकांचा कर शून्य निघतो, आमच्या त्या ग्रुपमधले तिघे त्यातलेच, कसे ते मला माहीत आहे कारण फॉर्म मीच भरलेत. टॅक्सवाल्यांनाच मत हा कायदा आला तर आमचा ठेला अर्धा रिकामा होईल.

त्या मावशींचंच सांगतो. एकदा मी विचारलं, बिल किती येतं हो लाइटचं? त्या म्हणाल्या, "सौ-सवा सौ, दादा, डेढ़ सौ यूनिट के ऊपर नहीं जाने देती." पुढे त्यांनी जे समजावलं ते ऐकून मी गार. महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलं तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपये, त्याच्या वरच्या युनिटला नेहमीचा रेट, आणि १५० ओलांडलं की सवलतच गेली, सगळं बिल पूर्ण रेटने. रीडिंग तीस दिवसांचं झालं का तेहतीस दिवसांचं हे पण त्या तारखा मोजून बघतात, कारण मर्यादा दिवसांच्या हिशोबाने धरतात. उन्हाळ्यात शेवटच्या आठवड्यात कूलर रात्रीच चालतो त्यांच्याकडे. शाळा पाचवीपर्यंत. आणि आमच्याकडे मी, आयुष्यभर आकडे लिहिणारा, माझ्या बिलातल्या फिक्स्ड चार्ज आणि इंधन अधिभाराच्या ओळी आजपर्यंत धड वाचलेल्या नाहीत, मोबाइलवरून पैसे भरतो आणि मोकळा होतो.

म्हणून म्हणतो, शिकवलं की कळतं वगैरे नंतरच्या गोष्टी, जिथे कळून घेतल्याने चार पैसे वाचतात तिथे माणूस आपोआप कळून घेतो. पण याच मावशींना विचारा की लाडली बहनाचे पैसे येतात कुठून. त्या सरळ म्हणणार मामाजींनी (आधीचे मुख्यमंत्री शिवराजसिंह) सुरू केले, आता मोहनजी (त्यांच्यानंतरचे मोहन यादव) देतात. त्यांच्या लेखी ते त्या माणसाच्या हातचे पैसे आहेत. जून २०२३ ला पहिला हप्ता आला, त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदान झालं, २३० पैकी १६३ जागा एका पक्षाला, आणि सगळे म्हणाले बायकांनी पैशाची परतफेड केली. असेलही. पण पैसे देणाऱ्याचा फोटो प्रत्येक होर्डिंगवर आहे आणि ज्यांच्यातून ते आले त्या साबण-रिचार्जच्या बिलावर कोणाचाच फोटो नाही, तर मावशींनी दुसरं काय समजायचं?

इथे इंदूरकर म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह होतो. अहिल्यादेवींच्या काळात होळकरांकडे दौलतीचा, म्हणजे राज्याचा, पैसा वेगळा आणि खासगी वेगळी असा कडक हिशोब असायचा, काशीपासून रामेश्वरापर्यंतचा जो दानधर्म त्यांच्या नावावर आहे तो खासगीतून. स्वतःच्या नावाने पुण्य करायचं तर स्वतःच्या पैशातून. २० मे २०२५ ला राजवाड्यात अख्खं मंत्रिमंडळ बैठकीला बसलं होतं, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने, फोटो बिटो छान आले, मला सारखं वाटत होतं की कोणीतरी तिथे खासगी-दौलतीचा विषय काढेल. नाही काढला कोणी. मोहच होता, जाऊ द्या.

आता कळून न घेण्याचं कारण. अर्थशास्त्रवाल्यांनी १९५० च्या दशकातच हे मांडून ठेवलंय की माझ्या एका मताने निकाल बदलायची शक्यता जवळजवळ शून्य असेल तर धोरणांचा अभ्यास करण्यात वेळ घालवणं हा घाट्याचा सौदा आहे. स्कूटर घ्यायची तर आपण तीन आठवडे यूट्यूब बघतो, चार शोरूम फिरतो, कारण चुकलो तर भोगायचं आपल्यालाच. मत चुकलं तर भोगायचं पंचवीस लाखांनी मिळून. इंदूर लोकसभेत २५ लाखांच्या वर मतदार आहेत आणि २०२४ मध्ये जिंकणारे ११ लाख ७५ हजारांच्या फरकाने जिंकले, तिथे माझ्या एका मताने काय होणार होतं?

त्या निवडणुकीचं तर वेगळंच. २९ एप्रिलला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि भाजपमध्ये गेला, काँग्रेसने मग लोकांना नोटा दाबायचं आवाहन केलं, आणि १३ मे ला इंदूरने नोटाला २ लाख १८ हजार ६७४ मतं दिली. देशातला रेकॉर्ड. त्याच्या आधीचा रेकॉर्ड गोपालगंजचा होता, ५१ हजारांचा. मला त्याचा थोडा अभिमान पण आहे, रागाचा एवढा स्वच्छ आकडा कुठे मिळतो. पण मतदानाच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या मराठी ग्रुपांवर एकच मेसेज फिरत होता, नोटा पहिला आला तर निवडणूक रद्द, परत घ्यावी लागेल, हे उमेदवार परत उभे राहू शकणार नाहीत. माझ्या भाच्याने याच भरवशावर नोटा दाबला. लोकसभेला असं काहीही नाही, नोटाला एक कोटी मतं पडली आणि एखाद्या अपक्षाला शंभर, तरी शंभरवाला खासदार. मग मेसेज आला कुठून? मी शोधलं तर गंमत निघाली. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नोटा पहिला आला तर निवडणूक परत घ्यायची असा नियम केला होता, पण तो तिथल्या महापालिका-नगरपालिकांसारख्या निवडणुकांपुरता. पुण्याच्या कोण्या नातेवाइकाने तिथली खरी गोष्ट इथे पाठवली आणि इथे येता येता ती खोटी झाली! आमच्यासारख्या दोन घरच्या लोकांना हा धोका जास्तच, टीव्ही मुंबईचा बघायचा आणि राहायचं मालव्यात. मला तर असे लोक माहीत आहेत ज्यांना महाराष्ट्राचे अर्धे मंत्री पाठ आहेत आणि स्वतःच्या वॉर्डाचा पार्षद (नगरसेवक) ओळखता येत नाही.

आणि मला खरं दुखतं ते इथे. इंदूर निगमात, म्हणजे महापालिकेत, ८५ वॉर्ड आहेत. लोकसभेपेक्षा वॉर्डात माझ्या मताचं वजन कितीतरी जास्त, तिथे काही वेळा काहीशे मतांवर निकाल लागतो. पाणी, कचरा, नाला, दिवे हे सगळं तिथलं. आणि तिथेच आपलं ज्ञान सगळ्यात कमी. तुम्हाला माहीत आहे का की आपल्या घरातलं नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटरवरून पंप करून चढवत आणतात, आणि त्या विजेचं बिल हा निगमचा केवढा मोठा खर्च आहे? त्यासाठीच २०२३ च्या फेब्रुवारीत निगमने २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्लांट टाकायला. म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून कर्ज काढलंय आणि ते आपल्याच करातून फेडायचंय. आमच्या ठेल्यावर हे दोघांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला कारण त्याने ते बाँड घेतले होते. स्वच्छतेत पहिला नंबर आला हे मात्र शेंबड्या पोराला माहीत आहे. मला त्या नंबराचं कौतुक आहेच, पण नंबर दिसतो आणि जमिनीखालची पाइपलाइन दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी कोणी मत मागत नाही आणि कोणी देत पण नाही.

काही लोक म्हणतात, असू दे, एक इकडे चुकतो, एक तिकडे चुकतो, लाखो लोकांत चुका एकमेकांना खाऊन टाकतात आणि निकाल बरोबर येतो. ऐकायला छान आहे. पण चुका सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या असतील तर? रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी घराघरांत विचारते की तुम्हाला महागाई किती वाटते. २०२५ च्या मध्यात सरकारी आकडा दोन टक्क्यांच्या आसपास आला होता तेव्हाही लोक सात टक्क्यांच्या वर सांगत होते, आणि हे नेहमीचंच आहे, लोकांचा आकडा कायम वरच असतो. मला यात लोक खोटारडे वाटत नाहीत आणि सरकारही नाही. लोक भाव बघतात आणि सरकार भाव वाढायचा वेग सांगतं. पोह्यांची प्लेट १० ची २० झाली आणि मग वर्षभर २० च राहिली तर सरकारच्या लेखी त्या वर्षी महागाई शून्य, माझ्या लेखी प्लेट अजून २० चीच. महागाई कमी झाली म्हणजे स्वस्त झालं असं कोणी समजतो, मग स्वस्त दिसत नाही म्हणून आकडाच खोटा ठरवतो, मग कुठलाच आकडा खरा मानत नाही. आणि हे शेवटचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण आकड्यावरचा विश्वास उडाला की मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

कळलं म्हणजे सगळं सोपं होतं असंही नाही हां. सोयाबीनचं घ्या, मालव्यात याच्यापेक्षा मोठा विषय नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरची इम्पोर्ट ड्युटी सगळं मिळून साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केली. शेतकऱ्यासाठी केली, कारण सोयाबीनचा हमीभाव ४८९२ आणि मंडीत त्याच्या बराच खाली भाव चालू होता, गावोगाव सहा हजारांच्या मागणीसाठी ट्रॅक्टर निघाले होते. ऐन दिवाळीच्या तोंडावर तेल भडकलं. माझ्या एका मित्राचं घर म्हणजे नमुनाच, त्याची देवासकडे वीस बिघे जमीन आहे आणि बायको घरी शेव-चिवड्याच्या ऑर्डरी घेते. त्या दिवाळीत वहिनी तेलासाठी सरकारला शिव्या देत होत्या आणि तो सोयाबीनसाठी, एकाच ओट्याजवळ उभे राहून, आणि दोघांना पत्ता नव्हता की एकाच्या शिवीवर काढलेलं औषध दुसऱ्याचं दुखणं आहे. मे २०२५ च्या शेवटी ड्युटी परत साडेसोळावर आणली, आता वहिनी खूष आणि हा चिडलेला.

आणि ड्युटी वाढवूनही सोयाबीन हमीभावाला का पोचलं नाही? छावणीच्या मंडीतला कुठलाही दलाल दोन मिनिटांत सांगेल की सोयाबीनमध्ये तेल निघतं शंभरात अठरा किलो, बाकी सगळी डीओसी, म्हणजे पेंड, आणि पेंडीला बाहेर फारसं गिऱ्हाईक नाही, ब्राझील-अर्जेंटिनाचा माल स्वस्त, आणि इथे कोंबड्यांच्या खाद्यात इथेनॉल कारखान्यांचा मक्या-तांदळाचा चोथा शिरलाय. म्हणजे इथेनॉलचं धोरण इकडे सोयाबीनवाल्याला लागलं. हे कळल्यावर मित्राने कोणाला मत द्यावं हे मला सांगता येणार नाही. पण निदान सभेत कोणी 'आम्ही तेल स्वस्त करू आणि सोयाबीनला सहा हजार देऊ' असं एकाच दमात म्हणाला तर याने हात वर करून विचारावं की कसं, एवढी माझी अपेक्षा आहे. ते विचारत नाहीत. टाळ्या वाजवतात. मित्र पण वाजवून आलाय.

काकांच्या कल्पनेकडे परत येतो, टॅक्सवाल्यांनाच मत. हे करून झालंय आपल्या देशात. १९३५ च्या कायद्याने मालमत्ता, कर, शिक्षण बघूनच मत दिलं जायचं आणि मतदार होते मूठभर. १९५१-५२ ला सगळ्यांना मत दिलं तेव्हा साक्षरता १८ टक्के होती, आणि जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली कारण त्या स्वतःचं नाव सांगेनात, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. त्या देशाने २५ वर्षांनी, १९७७ मध्ये, आणीबाणीचं सरकार घालवलं, आपल्या मध्यप्रदेशात ४० पैकी काँग्रेसला एकच सीट राहिली, छिंदवाडा. त्या वेळी रेल्वे वेळेवर धावतात म्हणून खूष असणारे कोण होते, आठवून बघा. माझ्या घरातलेच होते, चांगले शिकलेले. तेव्हा मतदाराला कोणी अर्थशास्त्र शिकवलं नव्हतं, पण नसबंदीचा सरकारी माणूस दारात आला होता, त्यामुळे कोणाला धरायचं ते प्रत्येकाला माहीत होतं. पत्ता स्पष्ट होता.

आता पत्ता स्पष्ट कसा करायचा. नागरिकशास्त्राचे धडे वाढवून काही होईल असं मला वाटत नाही, ते आम्ही पण पाठ केले होते, सातवी अनुसूची, केंद्र सूची, राज्य सूची, परीक्षा झाली आणि गेलं. मी बिलाचा माणूस आहे, माझा भरवसा बिलावर. छप्पन दुकानला जेवलात तर बिलावर लिहिलेलं असतं सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के, एक दिल्लीचा, एक भोपाळचा. कोणी बघत नाही म्हणता, पण बघायचं ठरवलं तर तिथे आहे. मग तेच पेट्रोलच्या पावतीवर का नाही? तिथे रेट, लिटर आणि रक्कम, संपलं. केंद्र इतके, राज्य इतके, डीलर इतके, चार ओळी छापायला कागद किती लागतो? लाडली बहनाचा मेसेज येतो त्यात पुढाऱ्याच्या नावाऐवजी लिहा की हे राज्याच्या करातून आणि कर्जातून आलेत. वॉर्डाच्या बगीच्यात झुल्यापाशी पार्षदाच्या नावाचा दगड लागतो, त्याच्या शेजारी वर्षाचे वॉर्डात किती आले नी कशावर गेले त्याचा एक बोर्ड लावा. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, तीन लाखांवरच्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात असं त्यातच लिहिलंय, तर बोर्ड मागणं काही क्रांती नाही. हे सगळं केल्यावर लोक एकदम शहाणे होतील का, नाही होणार. पण मावशींना १५० युनिट कळले कारण ते बिलात होते. दिसलं तर कळायला निदान सुरुवात होते.

हे सगळं मी ठेल्यावर बोललो तेव्हा काका काही बोलले नाहीत, जलेबी संपवली आणि उठून गेले. मला वाटलं रागावले. पुढच्या रविवारी आले ते शर्टाच्या खिशातून निगमची संपत्ती कराची पावती काढत. म्हणाले, बावीस वर्षं भरतोय, काल पहिल्यांदा खालपर्यंत वाचली, यात संपत्ती कर लिहिलाय ते ठीक, पण हा समेकित कर, हा शिक्षा उपकर, हा नगरीय विकास उपकर, हे काय आहे आणि हे घेऊन करतात काय? समेकित म्हणजे सफाई, दिवाबत्ती आणि आग विझवणं असं सगळं एकत्र केलेलं, एवढं मला सांगता आलं. शिक्षा उपकराच्या पैशाचं नेमकं काय होतं तिथे मीच अडकलो. प्रोफेसरांनी चष्मा लावून पावती हातात घेतली, बँकवाल्यांनी मान पुढे केली, आणि ठेलेवाला म्हणाला, "भिया, पोहा ठंडा हो रिया है."